शेंडीच्या खानावळीपासून तंबूंपर्यंत : आमची वाटचाल

आमचा धंदा जेवणापासून सुरू झाला. भंडारदरा धरणालगतच्या शेंडी गावात वडिलांची खानावळ होती. गिऱ्हाईक म्हणजे धरणावरचे कर्मचारी, बदली होऊन आलेले मास्तर आणि शनिवार-रविवारी रतनगड नाहीतर कळसूबाई करून उतरलेली पुण्या-मुंबईची पोरं. पोरं जेवली की विचारायची, "काका, रात्री पडायला जागा मिळेल का?" वडील ओसरी उघडून द्यायचे, पैसे घेत नसत. मी हिशेबाला बसू लागलो तेव्हा मागे दोन खोल्या काढल्या. पुढे एक जुनी जीप आली, मग पाण्याकाठी एका शेतकऱ्याची पडीक जागा भाड्याने घेऊन तंबू लावले. एवढाच आमचा विस्तार.

इथे येणारा माणूस यादी घेऊन येतो. धरण, अंब्रेला फॉल, रंधा, अमृतेश्वर, घाटघरचा कोकणकडा, सांदण दरी. यादी बरोबर असते, महिना चुकलेला असतो.

अंब्रेला फॉलचंच घ्या. धरणाच्या भिंतीतून सोडलेलं पाणी पायथ्याच्या गोल खडकावरून छत्रीसारखं पसरतं, तो हा धबधबा. म्हणजे त्याची चावी पाटबंधारे खात्याकडे. १९१० साली काम सुरू होऊन १९२६ साली पुरं झालेलं हे धरण इंग्रजांनी प्रवरेच्या कालव्यांसाठी बांधलं. फोटोंसाठी नव्हे! साठा अकरा टीएमसीचा, म्हणजे अकरा अब्ज घनफूट पाण्याचा, आणि त्यावर पहिला हक्क खालच्या ऊस-कांद्याचा. आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडायची पाळी, नसेल तर छत्री मिटलेली. रंधा धबधब्याचंही तेच. प्रवरा तिथे साधारण १७० फूट खाली उडी घेते. ऑगस्टमध्ये जवळ उभं राहिलं तर शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, आणि पाणी बंद असलं की नुसता काळा कातळ. म्हणून आम्ही फोनवर आधी तारीख विचारतो आणि त्या दिवसांत काय दिसेल, काय नाही, ते सांगून टाकतो. यात काही बुकिंगं जातात. जाऊ देत. इथवर येऊन चिडलेला पाहुणा आम्हाला जास्त महाग पडतो.

जीपचा फेरा मात्र बाराही महिने चालतो. शेंडीहून मुरशेत, पांजरे, उडदावणे करत घाटघर, तिथून साम्रद, रतनवाडी आणि मुतखेलवरून परत. जलाशयाला पूर्ण वळसा पडतो. रतनवाडीला अमृतेश्वराचं हेमाडपंती मंदिर आणि शेजारची पायऱ्यांची पुष्करणी. लोक मंदिरापुढे सेल्फी काढून निघतात, पुष्करणीकडे वळतही नाहीत. आम्ही आधी तिथेच नेतो. घाटघरला कड्यावरून खाली कोकण दिसतं. त्याच डोंगराच्या पोटात २५० मेगावॅटचं वीजघर आहे, हे सांगितल्यावर शाळेच्या सहलीतली मुलं पायाखाली बघायला लागतात.

सांदण दरी पावसाळ्यात बंद म्हणजे बंद. ती डोंगराला गेलेली अरुंद भेग आहे, पावसाचं पाणी तिच्यातूनच कोकणात उतरतं. दिवाळीनंतर पाणी ओसरलं की साम्रदची पोरं वाटाडे म्हणून येतात. आत एक-दोन डोह तरीही लागतात, कधी कमरेइतके, तेव्हा कोरडे कपडे सोबत ठेवा.

सगळ्यात मोठी परीक्षा काजव्यांच्या दिवसांत होते. मे अखेर ते जूनचा मध्य, पहिला मोठा पाऊस लागेपर्यंत. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर ही झाडं एकाच लयीत लुकलुकतात. तो उजेड नरमादीचा एकमेकांना इशारा असतो, आणि त्यावर गाडीचे दिवे पडले की सगळा कारभार बिघडतो. शनिवारी रात्री रस्त्यावर गाड्यांची रांग, हॉर्न, झाडाखाली मोबाइलच्या बॅटऱ्या. मला स्पष्ट बोलायचं तर अशा रात्री काजवे बघायला येऊच नये. आम्ही त्या पंधरवड्यात शनिवारचं बुकिंग घेत नाही. मंगळवार-बुधवारी या. गाडी लांब लावू, दिवे विझवू आणि ठाकरवाडीचा मुलगा नेईल तिथवर चालत जाऊ. कोणतं झाड या वर्षी भरलंय ते त्यालाच ठाऊक असतं.

तंबूंवर स्पीकर नाही, दारू नाही. या एका नियमाने सुरुवातीला अर्धं गिऱ्हाईक शेजारच्या जागांवर गेलं आणि घरात भांडणं झाली. आता कुटुंबं येतात, तीच पुन्हा येतात. जुलै-ऑगस्टमध्ये तंबू काढून ठेवतो. घाटघरचा पाऊस आणि वारा कापडाला मानत नाही. तेव्हा फक्त खोल्या. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की तंबूंपासून काठापर्यंत गाळातून चालावं लागतं, तेही आधीच सांगतो. मध्ये एका बुकिंगच्या साइटवर गेलो होतो, पण कमिशन देऊन उरेना. सोडलं.

जेवण अजून खानावळीचंच. नाचणीची भाकरी, इंद्रायणीचा भात, ठेचा आणि पावसाळ्यात खेकड्याचा रस्सा. स्वयंपाक रतनवाडीच्या दोघी बहिणी करतात. भाताची कापणी झाली की आमच्याकडची माणसं नारायणगावच्या बाजाराला मजुरीला जातात. हंगामात जीप, तंबू आणि चूल मिळून काही घरांची ती फेरी टळते. सगळ्यांची नाही, तेवढं काम आमच्याकडे नाही.

यंदा रतनवाडीत एका जुन्या कौलारू घरात दोन खोल्या सुरू करतोय. बांधकाम पावसाआधी संपलं तर श्रावणात, नाहीतर दिवाळीत. फोन संध्याकाळी सातनंतर करा. दिवसा मी सांदणला असलो तर रेंज नसते.