तुम्ही विचारलंत म्हणून: बसच्या केबिनचं काय केलंत?

राहायचं घर केलेली आमची बस बघायला आलेला प्रत्येक जण आधी पलंग, ओटा, शेगडी बघतो आणि मग पुढे जाऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसतो. तिथे बसलं की प्रश्न ठरलेला: "अहो, मागे सगळीकडे फोम भरलात, पण इथे नुसती काच नि पत्रा. मिनेसोटाच्या थंडीत इथे काय केलंत?" उभ्याउभ्या देण्याएवढं उत्तर छोटं नाही, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

बस म्हणजे अमेरिकेतली जुनी पिवळी स्कूल बस, पुढे नाक असलेली. तिच्या केबिनला मागच्यासारखं इन्सुलेशन होत नाही, आणि त्या नादाला लागूही नये. भिंतीत इंचभर पॉलिआयसो बोर्ड (कडक फोमचा तक्ता) बसवला की साधारण आर-६ मिळतं. आर-व्हॅल्यूचा आकडा जेवढा मोठा, तेवढी ऊब टिकते. एकेरी काच जेमतेम आर-१. बाहेर उणे २० आणि आत २० अंश असताना अशा काचेच्या दर चौरस मीटरमधून दोनशेहून जास्त वॅट उष्णता बाहेर पळते, आणि पुढे काचच काच आहे: समोर, डाव्या हाताला, दारालासुद्धा. गाडी चालवायची तर ती झाकता येत नाही. म्हणून आम्ही केबिन गरम ठेवायचा हट्टच धरला नाही. मुक्काम पडला की केबिन घरातून वजा करायची, हे ठरवलं.

त्याआधी फटी. इन्सुलेशनवर पैसे घालण्याआधी उदबत्ती लावा, अगदी खरं सांगते. सगळ्या खिडक्या बंद, छताचा पंखा हवा बाहेर फेकायला लावायचा आणि उदबत्ती पेडलपाशी न्यायची. धूर सरळ वर न जाता आतल्या बाजूला लपकन वाकला की समजायचं, इथून वारा येतोय. आमच्याकडे तो स्टिअरिंगच्या दांड्याभोवती वाकला, ब्रेकच्या पेडलखाली वाकला, आणि वायरिंगचा जुडगा फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यातून, येतो तिथे तर उदबत्ती विझायच्या बेताला आली. ही भोकं रबरी ग्रोमेट (भोकात बसणारी कडी) आणि आगीला टिकणारं सीलंट वापरून बुजवायची. डब्यातून फसफसून येणारा फोम इंजिनच्या बाजूला अजिबात नको, तो पेट घेतो. या फटींतून नुसती थंडी येत नाही, इंजिनचा धूरही येतो. त्यामुळे हे काम ऊबेपेक्षा जिवासाठी जास्त, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म तरीही हवाच.

आता इंजिन. त्याचा मागचा भाग डॅशबोर्डखाली आत घुसलेला असतो आणि त्यावर एक झाकण असतं. जुन्या एसटीत ड्रायव्हरशेजारच्या बॉनेटवर बसून ज्यांनी घाट चढलाय, त्यांना त्या झाकणाची धग वेगळी सांगायला नको. झाकणाच्या कडेचं रबर बदललं, तेवढ्याने वास थांबला. आतून फॉइल लावलेली, उष्णता सोसणारी गादी बसवली. आवाजासाठी पायाखालच्या पत्र्यावर ब्यूटाइलच्या, म्हणजे चिकट रबराच्या, पट्ट्या चिकटवल्या. आधी पत्र्यावर टिचकी मारली की टण्ण वाजायचं, आता ठक् वाजतं. पण या पट्ट्या ऊब देत नाहीत, फक्त पत्र्याची थरथर मारतात. इन्सुलेशन म्हणून त्या कोणी गळ्यात मारत असेल तर पुढच्या दुकानात जा. पूर्ण पत्रा मढवायचीही गरज नसते, मधेमधे तुकडे पुरतात. त्यावर फोम आणि मग जड रबरी मॅट. एवढं झालं की चालत्या गाडीत शेजारच्याशी न ओरडता बोलता येतं.

दाराची पायरी हा सगळ्यात थंड कोपरा. खाली नुसता पत्रा आणि त्याखाली बर्फाळ रस्ता. तिच्यावर प्लायवूड आणि फोमचं, एका हाताने उचलता येईल असं झाकण केलंय. ते कायमचं ठोकू नका, ती बाहेर पडायची वाट आहे.

काचांना फॉइल लावलेल्या फोमचे तुकडे, मापात कापून आतून दाबून बसवलेले. बाहेरून कव्हर घातलं तर काचेवर दव कमी धरतं, हे मान्य. पण उणे वीसमध्ये गोठलेल्या कव्हरशी झटापट करायला मी रात्री खाली उतरणार नाही. उन्हाळ्यात मात्र बाहेरचंच कव्हर, कारण ऊन काचेच्या आत शिरलं की आतून झाकून फारसा उपयोग नाही.

आणि मग पडदा. ड्रायव्हरच्या सीटमागे छतापासून जमिनीपर्यंत आमच्याकडे घोंगडं टांगलंय, गावाहून आणलेलं, काळं, खरबरीत. येणारे हसतात. पण इथे सुती रजई चालत नाही, खालची कड ओली झाली की ओलीच राहते. लोकर थोडी दमट झाली तरी ऊब धरून ठेवते. घोंगड्याची खालची कड जमिनीवर चांगली चार बोटं लोळली पाहिजे, नाहीतर थंड हवा तिथूनच सरपटत आत येते. संध्याकाळी ते ओढलं की हीटरला केबिन तापवावी लागत नाही.

याची किंमत सकाळी मोजावी लागते. केबिन थंड पडली की आतल्या दमट हवेतलं पाणी तिथल्या काचांवर जमतं, कडाक्यात गोठतं. हे पाणी येतं कुठून? आपल्या श्वासातून, भाताच्या वाफेतून, आणि शेगडीतून: एक किलो प्रोपेन जळालं की दीड किलोहून जास्त पाणी तयार होतं. म्हणून स्वयंपाक करताना थंडी असली तरी पंखा चालू आणि खिडकी बोटभर उघडी. सकाळी फोमचे तुकडे काढले की पाणी डॅशबोर्डवर ओघळतं. आमच्या बसची फ्यूजची पेटी ड्रायव्हरच्या डाव्या हाताला, खिडकीच्या बरोबर खाली आहे, म्हणून तिथे आधी पंचा ठेवायचा आणि मगच त्या बाजूचा तुकडा काढायचा.