बाबागाडी घेताना आधी घडी बघा

आमच्या इमारतीला लिफ्ट नाही आणि घर तिसऱ्या मजल्यावर. त्यामुळे लेकीसाठी हलकी बाबागाडी शोधताना ती चालते कशी याच्या आधी ती उचलायची कशी, हा प्रश्न होता. शहरात ही गाडी निम्मा वेळ आपल्याच हातात असते: जिन्यात, बसमध्ये, पादचारी पुलावर.

म्हणून दुकानात मी लेकीला कडेवर घेऊनच प्रत्येक गाडीची घडी घालून बघायचे. दोन्ही हात लागले किंवा खाली वाकून खटका दाबावा लागला, की ती गाडी बाद. "मी असेनच की सोबत," असं नवरा म्हणायचा. पण एकटीला बाहेर पडता यावं, यासाठीच तर मला गाडी हवी होती!

छत्रीसारखी मिटणारी हलकी बाबागाडी ओवेन मॅक्लॅरन या ब्रिटिश अभियंत्याची. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या यंत्रणेवर त्यांनी काम केलं होतं. अॅल्युमिनियमच्या नळ्यांच्या गाडीसाठी त्यांनी १९६५ मध्ये पेटंटचा अर्ज केला. तिचं वजन होतं जेमतेम २.७ किलो. आताच्या प्रवासी गाड्या बहुधा ५ ते ७ किलोंच्या असतात, कारण छत, मागे झुकणारी पाठ आणि खालची टोपली हे सगळं त्यात आलं. हे वजन मला मान्य आहे. दुपारी बाळ झोपलं आणि पाठ झुकत नसेल, तर त्याची मान लटकते, ते बघवत नाही.

छत्रीची घडी लांबलचक होते. चौकोनी घडी बसच्या सीटखाली किंवा पायांपाशी मावते, शिवाय खांद्याला अडकवायचा पट्टा असेल तर जिना चढताना एक हात कठड्याला मोकळा राहतो. आम्ही चौकोनीच घेतली. विमानात वर ठेवायची असेल, तर घडीची मापं आपल्या विमान कंपनीच्या नियमांशी आधी ताडून बघा. 'केबिन साइज' या लेबलवर विसंबू नका, कारण प्रत्येक कंपनीची मर्यादा वेगळी असते.

बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल, तर पूर्ण आडवी होणारी सीटच हवी. पट्टे पाच टोकांचे हवेत, म्हणजे खांदे, कंबर आणि पायांमधून येणारे. गाडी किती वजनाच्या मुलापर्यंत चालते तेही विचारा. १५ किलोंची आणि २२ किलोंची, यांत वापराच्या काही वर्षांचा फरक पडतो.

हलक्या गाडीची एक खोड मात्र ओळखून असा. हँडलला पिशव्या अडकवल्या आणि मूल उचललं, की ती मागे उलटते. मूल आत असतानाही उलटू शकते. सामान टोपलीतच ठेवा. चाकं छोटी, त्यामुळे फटीत अडकतात. ट्रेनमध्ये चढताना गाडी उलटी फिरवून मागची चाकं आधी आत ओढायची, हे मला सगळ्यात उपयोगी पडलं. आणि उन्हासाठी गाडीवर ओढणी पांघरू नका, आत हवा कोंडून उष्णता झपाट्याने वाढते.

घडी उघडताना मूल हातभर लांब ठेवा. २००९ मध्ये अमेरिकेत मॅक्लॅरनच्या सुमारे १० लाख गाड्यांसाठी बिजागरीची आवरणं द्यावी लागली, कारण बिजागरीत सापडून मुलांच्या बोटांची टोकं तुटली होती. दुकानातच बिजागरी झाकलेली आहे का बघा. उघडी असेल तर ती गाडी कितीही हलकी असली तरी घेऊ नका.