आमची वाटचाल : वाजणारे मोती

आम्ही जुन्या रोमन घडणीची कर्णभूषणं करतो, आणि ती वाजतात, हे आधी सांगतो. रोमच्या बायका सोन्याच्या आडव्या दांडीला दोन-तीन मोती लोंबते ठेवत. चालताना ते एकमेकांवर आपटून वाजत. पहिल्या शतकातल्या प्लिनी या रोमन लेखकाने या हौसेवर कडक टीका केली आणि त्या ओघात दागिन्याचं नाव नोंदवलं, क्रोतालिया. इजिप्तमध्ये फायूमला ममींवर बसवलेल्या लाकडी फळ्यांवरच्या चित्रांत ती बायकांच्या कानांत दिसतात. मोती मन्नारच्या आखातातूनही जात.

रविवार पेठेत आम्ही कुड्या आणि भिकबाळ्या करायचो. पुरातत्त्व शिकवणाऱ्या एका बाईंनी अशा चित्राची छपाई समोर ठेवली. "भिकबाळी करता ना? मग हे जमेल." पहिली जोडी त्यांचीच. आजही त्या भिंग घेऊनच येतात.

भिंगाचं कारण आमचे मेस्त्री, माझे भागीदार. रोमन सोनार तार जंतरातून, म्हणजे भोकं असलेल्या पट्टीतून, ओढत नसत. पत्र्याची बारीक पट्टी कापायची, पिळायची, दोन सपाट फळ्यांमध्ये लोळवायची. तारेवर पिळाची रेष राहते. मेस्त्री तशीच तार करतात. चांदीची, वर सोन्याचं पाणी. प्रत्येक मोत्याला स्वतंत्र कडी, आणि मागे आमचा शिक्का, म्हणजे कोणी जुना माल म्हणून विकू नये.

मग परदेशातल्या एका घाऊक व्यापाऱ्याने नमुने नेले, मोठी ऑर्डर तोंडी दिली आणि गप्प झाला. पुढच्या हंगामात आमचीच दांडी दुसऱ्या कारखान्याच्या डब्यात दिसली. नमुन्यावरून रबरी साचा काढून पितळेत ओतलेली. कडी, दांडी, लोंबती काडी, सगळं एकसंध, मोती खाली चिकटवलेला. कानाशी नेऊन हलवली. आवाज नाही! आणि कार्डावर छापलेलं, 'हातघडणीची'. इकडे चांदी उधारीवर उचललेली. गाळ्याचा पुढचा भाग भाड्याने दिला. मेस्त्रींनी पगार न घेता नथी दुरुस्त करून घर चालवलं, माझंही. बाईंनी ओळखीपाळखीतून जोड्या विकल्या, एकेक. तो राग अजून गेलेला नाही, आणि जाऊही नये.

नव्याने धंद्यात येणाऱ्यांनी नमुन्याला एकाच कानाचं द्यावं, दुसरं आगाऊ रक्कम हातात पडल्यावर. घेणाऱ्यांनी आधी मागची बाजू पाहावी, तिथला डाक, म्हणजे सांधा जोडलेली जागा, खोटं बोलत नाही. आणि अत्तर लावून झाल्यावरच मोती घालावेत.

नंतरची वर्षं बरी गेली. गाळा पुन्हा पूर्ण आमचा आहे. सध्या मेस्त्री पाँपेई या जुन्या रोमन शहरात सापडलेल्या पोकळ अर्धगोल कर्णफुलांच्या मागे लागले आहेत. पत्रा इतका पातळ लागतो की फुंकणी जरा जास्त झाली तर वितळतो.