नानाकाकांचा माड

रविवार, रात्रीचे साडेदहा. गणेशचवथीला अकरा दिवस.

आज सकाळी आईने दोन वर्षांची लढाई पाऊण तासात संपवली, तीही सोप्यावरून न उठता. लिहून ठेवतोय, कारण उद्या विचारलं तर साफ कानांवर हात ठेवील.

माड नानाकाकांचा, त्यांच्याच हद्दीत. पण वर जाता जाता तो आमच्या स्वयंपाकघरावर असा कलला आहे की नारळ पडला की आमची कौलं फुटणार. गेल्या पावसाळ्यात तीनदा फुटली. एकदा तर रात्री दोन वाजता झावळ कोसळली आणि सकाळी चुलीवरच्या फळीवर पाण्याचं तळं. मी नानाकाकांना सांगितलं, माड काढा. ते म्हणाले, आप्पांनी लावलेला आहे, मी जिवंत असेतो कोयता लागणार नाही. मी आणखी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा आवाज चढवून. मग पंचायतीत अर्ज दिला. फोटो जोडले, हाताने नकाशा काढला, अंतरं फुटांत लिहिली. नकाशा छान आला होता, अजून कपाटात आहे. अर्जाचं काय झालं ते पंचायतीलाच ठाऊक. नानाकाकांनी मात्र बोलणं टाकलं. शेजारी राहून त्यांच्या लेकीच्या साखरपुड्याचं बोलावणं आम्हाला नाही. माड जिथे होता तिथेच.

आषाढात आईने काय सुरू केलं ते मला तेव्हा कळलं नाही. एका संध्याकाळी कुंपणापाशी उभी राहून ती म्हणते, "नाना, हा माड आप्पांच्या हातचा ना? असा नारळ वाड्यावर दुसऱ्याकडे नाही हो." मी आतून ऐकत होतो. कपाळावर हात मारला. मी किल्ल्याला वेढा घालून बसलोय आणि घरातलं माणूस तटावरच्यांना पानसुपारी देतंय! रात्री तिला म्हटलंही. ती म्हणाली, "खोटं काय बोलले? गोड आहेत नारळ."

मग श्रावण लागल्यावर दुसरी खेप. "नाना, यंदा माटोळीला ह्याच माडाचा घोस बांधीन म्हणते. आप्पांची आठवण." माटोळी म्हणजे आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर फळाफुलांची बांधतात ती. दोन वर्षं आमच्या दाराकडे न पाहिलेला माणूस शनिवारी स्वतः सांगायला आला, "वयनी, उद्या पाडेली येतोय, पाऊस उघडलाय तोवर घोस काढून घेऊ."

आज आठला पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, आला. पायात काथ्याचा फास अडकवून सरसर वर गेला. खाली नानाकाका, मी फाटकाशी, आई सोप्यावर आडोळीवर नारळ किसत. पाच-सहा नारळ धपाधप पडले आणि मग वरून काहीच नाही. बराच वेळ. मग मूठभर ओला भुसा खाली आला, नानाकाकांच्या खांद्यावर. वरून पाडेली ओरडला, "नाना, माड पोखरला! हांव परतून चडचों ना!" पुन्हा चढणार नाही, म्हणे.

उतरल्यावर त्याने खोडावर कोयत्याची उलटी बाजू मारून दाखवली. खालून भरीव आवाज, डोक्याएवढ्या उंचीच्या वर पोकळ. एका भोकातून काळपट रस गळत होता. नानाकाका हात लावून उभे राहिले. आईने किसणं थांबवलं नाही. पाच मिनिटांनी तेच म्हणाले, "वयनी, चवथ झाली की काढून टाकतो. उगाच कोणाच्या डोक्यावर पडेल." आई म्हणाली, "बघा बाबा, तुमचा माड. चहा घ्या आधी."

नंतर मी विचारलं, तुला ठाऊक होतं का माड पोखरलाय ते? तर म्हणे, "मी काय माडावर चढते?" पण हाच पाडेली गेल्या महिन्यात आमच्या परसातले नारळ काढून गेला होता, आणि आमच्या माडाच्या शेंड्यावरून नानाकाकांचा शेंडा दहा हातांवर दिसतो.

दुपारी भेंड्या चिरायला बसलो. काल माशेलच्या बाजारातून जुवें बेटावरच्या आणल्या होत्या, सात शिरांच्या, हातभर लांब आणि तरी कोवळ्या. भेंडी जुव्याची म्हटल्यावर मला 1683 आठवतंच. माझ्या डोक्याची ठेवणच तशी.

त्या वर्षी नोव्हेंबरच्या सुरुवातीला पोर्तुगीज व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर मराठ्यांच्या फोंड्याच्या किल्ल्यावर चालून आला. तोफांनी तट फोडला. आत येसाजी कंक आणि त्यांचा मुलगा कृष्णाजी. संभाजीराजे राजापूरहून आले आणि व्हाइसरॉयच्या डोळ्यांदेखत कुमक किल्ल्यात शिरली. त्याने वेढा उठवला आणि दुर्भाटच्या वाटेने मागे फिरला. हे शौर्य झालंच, पण मला दोन आठवड्यांनी जुव्यावर जे झालं ते जास्त बघण्यासारखं वाटतं.

मराठ्यांना गोवा शहर, पोर्तुगीजांची तेव्हाची राजधानी, हवं होतं. शहराभोवती नदी, तट, तोफा. तिथे डोकं आपटलं नाही. रात्री सुकती धरून, पाणी उतरलेलं असताना, थोडी माणसं जुव्याच्या बेटावर उतरली आणि टेकडीवरचा छोटा किल्ला घेतला. जुवें म्हणजे काही मोठं ठाणं नव्हे, पण राजधानीपासून तोफेचा आवाज पोचेल एवढ्या अंतरावर. आता व्हाइसरॉयला गप्प बसणं शक्य नव्हतं. सकाळी तो स्वतः आला, आपले तट आणि आपल्या तोफा मागे ठेवून, खाजणाच्या, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतांच्या, चिखलात. आमच्याकडची खाजणं ज्यांनी पाहिलीत त्यांना सांगायला नको: बांधावरून एका वेळी एक माणूस जेमतेम जातो, आणि बांध सुटला की पाय गुडघाभर रुततो. त्याची माणसं पडली, त्याच्या दंडाला गोळी लागली, तो कसाबसा निसटला. परत जाऊन त्याने आपला राजदंड संत फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीत ठेवला, म्हणजे आता तूच सांभाळ.

भरतीने मात्र कोणाचीच बाजू घेतली नाही. पाठलागात संभाजीराजांनी घोडा पाण्यात घातला, तोवर पाणी चढलेलं. घोडा वाहू लागला आणि खंडो बल्लाळाने उडी टाकून त्यांना वाचवलं असं सांगतात. सुकती सगळ्यांना सारखीच मिळते, फक्त ती कधी संपते ते बघावं लागतं. आमच्या मानशीवरच्या, म्हणजे खाजणाच्या पाण्याच्या दारावरच्या, माणसाला हे रोज कळतं. दार लावायला एक भरती चुकली तर शेत खारं.

पालखेडलाही हाच खेळ, फक्त चिखलाऐवजी कोरडं. निजाम पुण्याकडे आला. बाजीराव पुणं वाचवायला धावला नाही, उलट निजामाच्याच मुलखात लूट करत भटकत राहिला. चिडलेला निजाम त्याच्या मागे लागला, जड तोफखाना मागे पडला, आणि 1728 च्या फेब्रुवारीत पालखेडला पाण्याविना कोंडला गेला. मार्चमध्ये मुंगी-शेवगावचा तह. मला त्या वेळच्या पुण्यातल्या माणसांचं वाटतं. त्यांना हे डावपेच म्हणून थोडंच दिसत असणार. त्यांना आपलं गाव सोडून भलतीकडे गेलेला पेशवा दिसत असणार. कुंपणापाशी माडाची स्तुती करणारी आई मला जशी दिसली, तशीच.

हे लिहिताना जरा लाजही वाटते. लढाईचे धडे दुकानदारीला आणि बढतीला लावणारी भाषणं मला अजिबात सहन होत नाहीत. कृष्णाजी कंक फोंड्याच्या जखमांनी गेला. येसाजींनी त्यानंतर काय पाहिलं असेल ते कौलांच्या भांडणाशेजारी ठेवायचं म्हणजे अतीच. तरी शब्द आपण तेच वापरतो. हूल देतो, बगल देतो, कात्रजचा घाट दाखवतो. आणि डावपेच हा शब्दही आखाड्यातलाच. पेच म्हणजे पीळ. समोरच्याचाच जोर वळवून त्यालाच खाली घ्यायचं.

बाबा 1961 चं, गोवा मुक्तीचं, सांगायचे. तेव्हा ते नऊ वर्षांचे. सगळ्यांना वाटत होतं भारताची फौज पूर्वेकडून, मोलेच्या वाटेने येणार, आणि मुख्य फौज तिथूनच यायची होती. पोर्तुगीजांनी वाटेतले पूल उडवले, सुरुंग पेरले, ती रखडली. उत्तरेकडून दोडामार्गाने आलेल्या ब्रिगेडियर सगत सिंगांच्या पॅराब्रिगेडवर दुय्यम काम होतं. तीच 18 डिसेंबरच्या संध्याकाळी बेतीला पोचली, समोर मांडवी आणि पलीकडे पणजी, आणि 19 ला सकाळी पार झाली. दुय्यम वाट मोकळी दिसल्यावर ठरलेला कागद बाजूला ठेवायला जिगर लागते. पण मला त्याहून पोर्तुगीज गव्हर्नर वास्साल्लु ई सिल्वाचं नवल वाटतं. पोर्तुगालच्या हुकूमशहाचा, सालाझारचा, हुकूम होता की शेवटच्या माणसापर्यंत लढा. वास्साल्लुने 19 च्याच संध्याकाळी शरणागती दिली. पुढे लिस्बनने त्याला सैन्यातून काढलं. 1974 च्या क्रांतीनंतर परत घेतलं. साडेचारशे वर्षांच्या सत्तेचा तो शेवटचा गव्हर्नर, आणि पणजी आज उभी आहे त्यात त्या एका सहीचाही वाटा आहे. बाबांना हे पटायचं नाही. ते म्हणायचे, घाबरला. आम्ही दोघं यावर जेवताना भांडायचो आणि आई दोघांना कढी वाढायची.

नानाकाका संध्याकाळी पुन्हा आले होते. माझ्याशी थेट बोलले नाहीत, पण माझ्याकडे बघून बोलले. घोस आणून सोप्यावर ठेवला, सात नारळ एका देठाला. मी उचलून आत नेला. अर्जाची गोष्ट कोणी काढली नाही. माझा नकाशा उद्या फाडून टाकावा म्हणतो. की ठेवू? चांगला आलाय.

आता निजताना आई पडवीत दिवा मालवायला गेली होती. तिथे बाबांची जुनी स्कूटर आहे. सहा वर्षं सुरू झालेली नाही, पण मी ती हलवू देत नाही. दर चवथीला माटोळीचं सामान ठेवायला जागा नाही म्हणून कुरकुर होते, दर चवथीला मी नाही म्हणतो. आज तिने सीटवरची धूळ पदराने पुसली आणि म्हणाली, "बाबांची गाडी. किती जपलीस रे तू."