जमण्याआधी ठरलेले पांगणे

जून २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या मेसीज या अवाढव्य दुकानाच्या नवव्या मजल्यावर, गालिच्यांच्या विभागात, शंभराहून अधिक माणसे एका महागड्या गालिच्याभोवती अचानक गोळा झाली. विक्रेत्यांनी विचारलेच तर काय सांगायचे, हे आधीच ठरले होते : आम्ही सगळे शहराबाहेरच्या एका गोदामात एकत्र राहतो, आम्हाला एक 'प्रेमाचा गालिचा' हवा आहे आणि खरेदीचा निर्णय आम्ही सर्वांनी मिळूनच घेतो. काही मिनिटांत ही मंडळी जशी आली तशीच निघून गेली. 'फ्लॅश मॉब' या नावाने पुढे जगभर पसरलेल्या वेडाची सुरुवात इथे झाली.

हा प्रकार ज्याने घडवून आणला तो बिल वासिक हा हार्पर्स मासिकाचा संपादक होता, हे त्याने स्वतः २००६ साली लिहिले तेव्हाच जगाला कळले. झुंडीत सामील होण्याची हौस किती सहज पेटते हे दाखवणे, हा त्याचा हेतू होता. मला मात्र त्याच्या हेतूपेक्षा त्याची आखणी अधिक मोलाची वाटते. मे महिन्यातला त्याचा पहिला प्रयत्न पोलिसांना आधीच कुणकुण लागल्यामुळे फसला होता. म्हणून पुढच्या खेपेस ईमेलमध्ये खरे ठिकाण लिहिलेच नव्हते. लोकांना जन्ममहिन्यांनुसार विभागून वेगवेगळ्या बारमध्ये जमायला सांगितले गेले आणि कुठे जायचे, काय करायचे याच्या चिठ्ठ्या अगदी ऐनवेळी तिथे हातात पडल्या. हे सारे दहा मिनिटांत किंवा त्याहूनही कमी वेळात आटोपायचे आहे, हे तर मूळ निमंत्रणातच म्हटलेले होते. म्हणजे माणसे जमवण्याआधी त्याने ती पांगवण्याची सोय केली होती.

या उपक्रमांमधला आनंद खराखुरा असतो, आणि त्याला पोरखेळ म्हणून हिणवणाऱ्यांशी मी मुळीच सहमत नाही. इम्प्रॉव्ह एव्हरीव्हेअर या गटाने २००८ साली न्यूयॉर्कच्याच ग्रँड सेंट्रल स्थानकात दोनशेच्या वर माणसांना एकाच क्षणी जागच्या जागी थिजवले होते, त्याची चित्रफीत मी अनेकदा पाहिली आहे. हातातले कागद जमिनीवर सांडलेला एक माणूस ते उचलण्यासाठी वाकलेल्या अवस्थेतच थांबला आहे, एक जोडपे चुंबन घेतानाच स्तब्ध झाले आहे, आणि आपली छोटी गाडी घेऊन निघालेला स्थानकाचा एक कर्मचारी वाट अडल्यामुळे कोंडीत सापडला आहे. येणारेजाणारे आधी बुचकळ्यात पडतात, मग एकमेकांना विचारू लागतात. ज्या हमरस्त्यासारख्या दालनात एरवी कुणी कुणाकडे मान वळवूनही पाहत नाही, तिथे अनोळखी माणसे एकमेकांशी बोलू लागतात. पाच मिनिटांनी सारे पुन्हा चालू लागतात आणि पाहणारे टाळ्या वाजवतात. सार्वजनिक जागा ही केवळ खरेदीची किंवा ये-जा करण्याची जागा नसून आपल्या सर्वांची आहे, हे कोणत्याही भाषणाविना इतक्या थेटपणे क्वचितच जाणवते.

या गमतीतला व्यापार कंपन्यांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही, हे ओघानेच आले. जानेवारी २००९ मध्ये लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्थानकात टी-मोबाइल कंपनीने शेकडो नर्तकांना घेऊन एक जाहिरात चित्रित केली. ते नाच काटेकोरपणे बसवलेले होते. त्यानंतर काही आठवड्यांतच त्याच स्थानकात सर्वांनी कानाला हेडफोन लावून नाचावे, असे फेसबुकवरून कुणीतरी सुचवले. हजारो लोक लोटले आणि स्थानक काही काळ बंद ठेवावे लागले. जागा तीच, कल्पनाही जवळपास तीच. फरक एवढाच की, दुसऱ्या वेळी किती जणांना बोलवायचे आणि त्यांनी कधी निघायचे हे कुणीच ठरवलेले नव्हते.

याचे टोक २१ सप्टेंबर २०१२ रोजी नेदरलँड्समधल्या हारेन या लहान गावात दिसले. एका मुलीने सोळाव्या वाढदिवसाचे फेसबुकवरचे निमंत्रण अनवधानाने सर्वांसाठी खुले ठेवले. तिने ते काढून टाकले, तरी इतरांनी त्याच्या नकला फिरवत ठेवल्या. प्रत्यक्षात हजारो तरुण आले, आणि तिथे करण्यासारखे काहीही नव्हते. संगीत नव्हते, यजमान नव्हते, निघण्याची वेळ नव्हती. होती ती दारू, अंधार आणि पोलिसांची रांग. रात्री दगडफेक झाली, दुकान लुटले गेले. चौकशी समितीचा अहवाल आल्यावर महापौरांनी पद सोडले. दोष त्या मुलीच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते. निमंत्रण क्षणात पसरवणारी यंत्रणा उभी करताना ते मागे घेण्याची तितकीच वेगवान सोय केली गेली नाही, हे खरे दुखणे आहे.

पडद्यावरच्या आकड्यावरून अंदाज बांधता येत नाही, ही आणखी एक अडचण. २०१९ साली अमेरिकेतल्या नेवाडामधील 'एरिया ५१' या लष्करी तळावर धडक मारण्याच्या थट्टेच्या निमंत्रणाला वीस लाखांहून अधिक लोकांनी 'येतो' म्हणून कळवले. परिसरात आले ते काही हजार. म्हणजे वीस लाखांचे काही हजार होतात आणि एका वाढदिवसाला गाव अपुरे पडते. अशा वेळी पोलिसांनी किंवा नगरपालिकेने नेमकी किती तयारी ठेवावी?

म्हणूनच अशी निमंत्रणे सरसकट बंद पाडण्याची मागणी मला पटत नसली, तरी बोलावणाऱ्याने आपले नाव द्यावे, जागेच्या व्यवस्थापनाला निदान ऐनवेळी तरी कळवावे, आणीबाणीची वाट मोकळी ठेवावी आणि संख्या आवाक्याबाहेर जाऊ लागली तर कार्यक्रम रद्द करण्याची हिंमत दाखवावी, असा माझा आग्रह आहे. जिथे मुले असतात किंवा मागच्यांच्या रेट्यामुळे पुढच्यांना हलता येत नाही, तिथे तर यातली एकही गोष्ट वगळता येणार नाही. मला असे निमंत्रण येते तेव्हा मी आधी किती वाजता निघायचे आहे ते शोधतो, मग कोणत्या बाजूने. दोन्ही लिहिलेले असेल तर मी उत्साहाने जातो आणि ओळखीच्यांनाही घेऊन जातो.