कर्ज फिटले, बोजा उतरेना : जुनी डिझेल ऑटोमॅटिक सेडान नावावर करतानाचा माझा अनुभव

मोटारीचे कर्ज पूर्ण फेडले तरी आरसीवरचा (नोंदणी प्रमाणपत्रावरचा) बँकेचा बोजा, म्हणजे गाडी बँकेकडे तारण असल्याची नोंद, आपोआप उतरत नाही, ही गोष्ट जुनी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाने विसार देण्याआधी नीट समजून घ्यावी, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. गाडी उत्तम मिळाली, मालक सज्जन भेटले आणि पुण्यातल्या संगम पुलाजवळच्या आरटीओतले काम माझ्या अपेक्षेपेक्षा सुरळीत झाले. जे काही अडले ते एका बँकेच्या वाहनकर्ज विभागात अडले, आणि तेही एका अक्षरापायी. त्या विभागाविषयीची माझी चीड अजून शमलेली नाही.

मला मध्यम आकाराची, डिझेलवर चालणारी आणि ऑटोमॅटिक गिअरची सेडानच हवी होती. आई कऱ्हाडला एकटी राहते, त्यामुळे कोथरूडहून तिकडे माझी सतत ये-जा असते. डाव्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर वारज्यापासून नवले पुलापर्यंतच्या कोंडीत क्लच दाबत राहणे मला झेपेनासे झाले होते. नवी गाडी घ्यावी म्हटले तर या वर्गात डिझेल उरलेलेच नाही. १ एप्रिल २०२० रोजी बीएस-६ ही प्रदूषणाची मानके लागू झाली तेव्हा फोक्सवॅगनची व्हेंटो आणि स्कोडाची रॅपिड यांची डिझेल इंजिने बंद झाली, मारुतीच्या सियाझचे डिझेलही त्याच सुमारास गेले, आणि होंडा सिटी डिझेलमध्ये होती तोवर ती आपल्याकडे मॅन्युअल गिअरमध्येच मिळत असे. ह्युंदाईच्या व्हर्नाने २०२० नंतरही दीड लिटरचे डिझेल इंजिन तेलाच्या माध्यमातून शक्ती पोहोचवणाऱ्या, सहा गिअरच्या टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिकसह दिले होते, पण २०२३ मध्ये आलेली नवी व्हर्ना केवळ पेट्रोलवर आहे. त्यामुळे जुन्या बाजारात ती मधली व्हर्ना शोधणे, एवढाच मार्ग माझ्यापुढे होता.

चाकणला तयार झालेल्या जुन्या व्हेंटो आणि रॅपिडही मी चालवून पाहिल्या. त्यांचा सात गिअरचा ड्युअल क्लच (दोन क्लच आपोआप पालटून गिअर बदलणारा) गिअरबॉक्स मोकळ्या रस्त्यावर फार चपळ आहे. परंतु त्यातले क्लच कोरडे असतात आणि इंचाइंचाने सरकणाऱ्या रहदारीत ते तापतात, म्हणून माझ्या रोजच्या रस्त्याला टॉर्क कन्व्हर्टरच योग्य, असे माझे मत झाले. व्हर्नाचे इंजिन ११५ पीएस शक्ती आणि २५० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे चाके ओढण्याचा जोर, देते. हा टॉर्क कमी फेऱ्यांवरच मिळत असल्यामुळे खंबाटकीच्या चढावर मालमोटारीमागे अडकून पुन्हा वेग घेताना इंजिनाला ओरडावे लागत नाही. बाणेरच्या एका सोसायटीत अशी गाडी मिळाली. ती एमएच-१२ चीच, म्हणजे पुण्याच्याच नोंदणीची, असल्याने दुसऱ्या आरटीओच्या एनओसीचा (ना हरकत पत्राचा) प्रश्न नव्हता. ओळखीच्या मेकॅनिकने गाडी थंड असताना सुरू करून पाहिली, गिअर आर (मागे) मधून डी (पुढे) मध्ये टाकताना झटका किंवा विलंब जाणवतो का ते तपासले आणि सर्व्हिसच्या नोंदी वाचल्या. किंमतही ठरली.

आरसीवर मात्र बँकेचे नाव होते. मालकांनी कर्ज मुदतीआधीच फेडले होते आणि त्यांच्याकडे कर्जखाते बंद झाल्याचे पत्रही होते. पण परिवहन खात्याच्या ‘वाहन’ प्रणालीत बोजा तसाच दिसत होता. तो काढण्यासाठी बँकेची एनओसी आणि बँकेच्या सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ लागतो, आणि हस्तांतरणासाठी विकणाऱ्याचा फॉर्म २९ व दोघांच्या सह्यांचा फॉर्म ३० लागतो. बोजा उतरल्याशिवाय उरलेली रक्कम देणार नाही आणि गाडीही नेणार नाही, असे मी करारात लिहून घेतले. या निर्णयाचा मला आजही अभिमान वाटतो, कारण पुढे जे घडले त्यात माझे पैसे सुरक्षित राहिले ते त्या एका वाक्यामुळे. मालकांनाही ते पटले. नोंद बदलेपर्यंत गाडीने झालेल्या अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. त्यामुळे कागद पुरे होण्याआधी गाडी दुसऱ्याच्या हाती देणे त्यांच्याही हिताचे नव्हते.

बँकेची एनओसी टपालाने आली. ती आणि फॉर्म ३५ घेऊन मी आरटीओत गेले तेव्हा खिडकीवरच्या बाईंनी आरसी आणि पत्र शेजारी ठेवले, चेसिस क्रमांकावर (गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या ओळख क्रमांकावर) बोट फिरवले आणि एका जागी थांबून म्हणाल्या, “मॅडम, इथे शून्य हवे, बँकेने ओ अक्षर छापले आहे.” पत्रात इतर शून्ये अरुंद होती आणि हा ओ चांगला गोल होता, त्यामुळे फरक उघड दिसत होता. चेसिस क्रमांक १७ अंकाक्षरांचा असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरे कधीच वापरत नाहीत, नेमकी एक आणि शून्याशी गल्लत होऊ नये म्हणून. म्हणजे त्या पत्रातला क्रमांक जगातल्या कोणत्याच गाडीचा असू शकत नव्हता. बाईंनी कागद परत केले ते योग्यच केले. बोजा काढण्याच्या कागदावर गाडीची ओळख चुकीची असेल तर तो कागद दुसऱ्या गाडीसाठीही वापरता येईल. त्यांनी ही अडचण शांतपणे आणि पूर्ण समजावून सांगितली, याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

आता हे एक अक्षर बदलायला किती वेळ लागावा? शाखेत सांगण्यात आले की एनओसी परगावच्या मध्यवर्ती कार्यालयातून निघते आणि शाखेला तीत काही करता येत नाही. मध्यवर्ती कार्यालयाला फोन करायचा तर ग्राहक सेवेच्या क्रमांकावरून, आणि तिथे पहिला प्रश्न असे की कर्जदार आपणच का. मी खरेदीदार होते, त्यामुळे बँकेच्या लेखी मला अस्तित्वच नव्हते. मालकांची तोवर बंगळुरूला बदली झाली होती. ते कामाच्या वेळेत फोन करत, तक्रार क्रमांक मिळे, आणि काही दिवसांनी “आमच्या नोंदीनुसार पत्र बरोबर आहे” असा संदेश येऊन तक्रार बंद होई. शाखेतल्या एका अधिकाऱ्याने मला सांगितले, “ओ काय आणि शून्य काय, दिसायला सारखेच, आरटीओवाल्यांना समजावा.” आपल्या संस्थेची चूक सरकारी कर्मचाऱ्याने डोळ्यांआड करावी, अशी अपेक्षा एवढ्या सहजपणे बोलून दाखवली जाते, याचा मला फार संताप आला.

मोठ्या पाठपुराव्यानंतर नवे पत्र आले. त्यातही ओ होता. तेव्हा या अडचणीचे मूळ माझ्या ध्यानात आले. कर्ज देताना कोणीतरी हाताने भरलेला चेसिस क्रमांक बँकेच्या संगणकात चुकीचा होता, आणि पत्र त्या नोंदीवरून आपोआप छापले जात होते. आम्ही दर वेळी नवे पत्र मागत होतो आणि बँक दर वेळी तीच नोंद पुन्हा छापत होती. म्हणून माझा सगळ्यांत कळकळीचा सल्ला असा की पत्रात चूक असेल तर पत्र बदलून मागू नका. आधी बँकेच्या नोंदीतला वाहनाचा तपशील दुरुस्त करण्याचा लेखी अर्ज द्या, दुरुस्ती झाल्याचे लेखी उत्तर मिळवा, आणि मगच पत्राची मागणी करा.

आम्ही तसेच केले. मालकांनी माझ्या नावे अधिकारपत्र पाठवले. मी आरसीची प्रत, विमा पॉलिसीची प्रत, चेसिस क्रमांकाचे छायाचित्र आणि त्या क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिलीने घेतलेला ठसा, असे सर्व जोडून शाखेत अर्ज दिला आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. सोबत मालकांच्या सहीचे एक पत्र बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे गेले. रिझर्व्ह बँकेच्या १३ सप्टेंबर २०२३ च्या परिपत्रकानुसार वैयक्तिक कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत मूळ कागदपत्रे परत करणे आणि नोंदणीतला बोजा काढणे बँकेवर बंधनकारक आहे. बँकेच्या दोषामुळे विलंब झाल्यास प्रत्येक दिवसाला ५,००० रुपये भरपाई कर्जदाराला द्यावी लागते. हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे आणि वाहनकर्जही त्यात येते. चुकीच्या क्रमांकाचे पत्र हे या गाडीचे पत्रच नव्हे, त्यामुळे मुदत अजून मोजली जात आहे, एवढाच मुद्दा आम्ही मांडला आणि ३० दिवसांत उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाऊ असे लिहिले. त्यानंतर बँकेतून मालकांना स्वतःहून फोन आला, नोंद दुरुस्त झाली आणि योग्य क्रमांकाचे पत्र थेट शाखेत येऊन पडले. शाखेने दिलगिरीचा एक शब्दही उच्चारला नाही. ते पत्र मी तिथेच उभी राहून अक्षर अन् अक्षर ताडून पाहिले आणि मगच बाहेर पडले. भरपाई मागायची की नाही हा मालकांचा हक्क होता. त्यांनी ती मागावी, असे मी त्यांना आवर्जून सांगितले.

या साऱ्या काळात गाडी बाणेरलाच उभी होती आणि बॅटरी उतरू नये म्हणून मालकांचे बंधू ती अधूनमधून जागच्या जागी सुरू करून ठेवत. बीएस-६ डिझेल गाडीसाठी हे हिताचे नाही. तिच्या धुराच्या मार्गात डीपीएफ नावाची गाळणी असते, तीत काजळी साठते, आणि ती काजळी जळून जायला इंजिन चांगले तापून काही वेळ सलग वेगात चालावे लागते. नुसते उभ्याने इंजिन चालवले तर काजळी वाढतच राहते. मी विनंती केल्यावर त्यांनी गाडी मधूनमधून लोणावळ्यापर्यंत नेऊन आणली. ज्यांचा सगळा प्रवास पेठांतून आणि बाजारापुरता आहे त्यांनी याच कारणासाठी डिझेल घेऊच नये, असे मी स्पष्टपणे म्हणेन.

आरटीओचे पुढचे काम ऑनलाइन अर्ज, शुल्क आणि कागदांची तपासणी एवढ्यावर आटोपले आणि नवी आरसी टपालाने घरी आली. अर्ज करताना विकणाऱ्याच्या मोबाइलवर ओटीपी जाऊ शकतो, म्हणून ‘वाहन’मध्ये त्यांचा चालू क्रमांक नोंदलेला आहे का ते आधीच पाहावे. ई-चलनांची थकबाकी आणि पीयूसीची मुदतही त्याच वेळी तपासावी. विमा हस्तांतरणाचा अर्ज १४ दिवसांच्या आत द्यायचा असतो, आणि नो क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) गाडीचा नसून मालकाचा असतो. त्यामुळे त्यांचा बोनस आपल्याला मिळणार नाही, हे हप्त्याचा हिशेब मांडताना धरून चालावे. फास्टॅगही मालकांच्या खात्याला जोडलेला असतो. तो त्यांच्याकडून बंद करवून स्वतःच्या नावाचा नवा लावून घ्यावा आणि मगच खेड शिवापूरच्या टोलनाक्याकडे निघावे.