बिडाचा गल्ला: अस्सल, नकली आणि प्रामाणिक प्रतिकृती

अमेरिकेत ‘ब्लॅक अमेरिकाना’ (कृष्णवर्णीयांचं चित्रण, बरेचदा टिंगल, असलेल्या जुन्या वस्तू) या नावाखाली जे विकलं जातं, त्यात बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, नाणी साठवायच्या यांत्रिक गल्ल्याच्या नकला ढिगाने सापडतात. कृष्णवर्णीय माणसाचा अर्धपुतळा, जाड लाल ओठ, बटबटीत डोळे. तळहातावर नाणं ठेवून मागची कळ दाबली की हात तोंडाकडे जातो, नाणं गिळलं जातं, डोळे फिरतात. बफेलोच्या शेपर्ड हार्डवेअर कंपनीकडे याचं १८८२चं पेटंट होतं. वस्तूच्या नावातच शिवी आहे. नोंदवहीत ती अवतरणचिन्हांत, पण जशीच्या तशी लिहावी. सौम्य नाव दिलं की गल्ला कोणाची टिंगल करायला बनवला होता, तेच झाकलं जातं.

पारख करताना आधी मोजमाप घ्या. जुन्या गल्ल्यावरूनच साचा घेऊन बीड ओतलं, तर थंड होताना ते साधारण १ टक्का आकसतं. म्हणजे १५० मिलिमीटरच्या तळात दीड मिलिमीटरचा फरक. तळ कागदावर ठेवून कडेने बारीक पेन्सिल फिरवा आणि खात्रीच्या अस्सल नगाच्या आराखड्याशी ताडून पाहा. अर्थात जुन्या गल्ल्याऐवजी कारखान्यातल्या मूळ नमुन्यावरून साचा काढला असेल, तर ही कसोटी फसते. मग सांधे बघा: जुन्या कामात दोन भाग घट्ट बसतात, नकलेत फट राहते आणि आतला पृष्ठभाग खरखरीत लागतो. मुद्दाम आणलेला गंज नारिंगी असतो, बोटाला भुकटी लागते. जुना गंज काळपट तपकिरी आणि चिकटून बसलेला. अधिक-चिन्हाच्या खाचेचा स्क्रू १९३०च्या दशकातला, त्यामुळे तो दिसला तर निदान दुरुस्ती तरी झालेली आहे. लोहचुंबकाने काहीच कळत नाही, नक्कलही बिडाचीच असते.

रंग तपासायला अॅसिटोन लावू नका. मूळ रंगच निघून येईल. अंधारात अतिनील दिवा धरा, नंतर भरलेले ठिपके बरेचदा वेगळे चमकतात. जुन्या रंगात शिसं असू शकतं: नायट्राइलचे हातमोजे घाला, पॉलिश पेपर अजिबात नको. पाण्यानेही धुऊ नका. मऊ ब्रश पुरतो, आणि कपाटातली आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली ठेवा.

चिनीमातीच्या ‘मॅमी’ बरण्यांत (कृष्णवर्णीय मोलकरणीच्या ठोकळेबाज रूपातल्या बिस्किटांच्या बरण्या) फरक लगेच दिसतो, कारण माती भाजताना बिडापेक्षा कितीतरी जास्त आकसते. तळाशी ‘मॅकॉय’ हे अमेरिकी कुंभारकाम कंपनीचं नाव लिहिलंय म्हणून भुलू नका. नकली बरण्यांवरही ते असतं.

शिकवण्यासाठी प्रतिकृती हवीच असेल, तर फोटोंवरून त्रिमितीय मॉडेल करून रेझिनमध्ये छापा. आकार मुळाच्या ९० टक्के ठेवा आणि हात हलता करू नका, नाहीतर ते पुन्हा खेळणंच होतं. ‘प्रतिकृती’ हा शब्द आणि साल तळाच्या मॉडेलमध्येच किमान १ मिलिमीटर खोल कोरा. स्टिकर निघतो, शाई अल्कोहोलने पुसली जाते. तळ पोकळ असेल तर आतल्या बाजूलाही तेच कोरा, कारण बाहेरचं घासून काढणारे विक्रेते असतात.